आता मी ब्रेक लावते

आठवडा झाला, पण मी अजून धक्क्यातून बाहेर आलेली नाही. जेवायला बसले तरी घास हातातच राहतो आणि मी भिंतीकडे बघत बसते. नवरा म्हणतो, "घरातला रेडिओ बंद पडला की काय?" लग्न झाल्यापासून तो मला रेडिओच म्हणतो. एरवी मी त्याला असं सुनावलं असतं की दोन दिवस तोंड लपवून फिरला असता. परवा नुसती त्याच्याकडे बघत राहिले, तर तोच घाबरला.

बोलणं हाच माझा पिंड. आई म्हणायची, ही पोटातून बोलतच बाहेर आली. माझी थोरली जाऊ मात्र माझ्या अगदी उलट. मी तिला ताई म्हणते. पंधरा वर्षं आम्ही एका घरात, एका चुलीवर आहोत. एवढ्या वर्षांत ती जेवढं बोलली असेल तेवढं मी एका सकाळी बोलत असेन. पण तिच्या हातांना गुण आहे, हे मान्य केलंच पाहिजे. सासूबाई चार वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना उठवणं, बसवणं, कूस बदलणं, अंग पुसणं, सगळं हिनं केलं. एक जखम होऊ दिली नाही पाठीला. मी काय करत होते? मी उशाशी बसून त्यांना गप्पा सांगत होते. "मला बाई तो वास सहन होत नाही, पण मी त्यांचं मन रमवते," असं सगळ्या नातेवाइकांना सांगत होते. मन रमवते म्हणे! आज ते शब्द आठवले तरी तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

थोरल्या दिरांची कंबर गोदामात काम करताना गेली. ते घरी बसले. एकट्या माझ्या नवऱ्याच्या पगारावर सात माणसं ओढता ओढता सगळ्यांच्या नाकी नऊ आले. तेव्हा मीच ही बातमी आणली की काम आणि इंग्रजी दोन्ही एकत्र शिकवणारा एक वर्ग निघालाय. तीन महिन्यांचा. म्हाताऱ्या, आजारी माणसांची काळजी घ्यायचं काम शिकवणार आणि त्या कामापुरतं इंग्रजीही शिकवणार. पास झालं की जवळच्या वृद्धाश्रमात, जिथला सगळा कारभार इंग्रजीत चालतो तिथं, तीन दिवस चाचणीवर घेणार आणि काम पसंत पडलं तर नोकरी पक्की. ताईचे डोळे चमकले. तिला ते काम येतच होतं, नडत होती ती भाषा. मला म्हणाली, "तू येशील का गं सोबत? मला एकटीला काही समजायचं नाही."

"न यायला काय झालं?" मी म्हटलं. "तुमचं तोंड मी."

खरोखर हेच शब्द बोलले मी. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

वर्ग एका जुन्या छापखान्याच्या वरच्या मजल्यावर भरायचा. एक लोखंडी पलंग, एक चाकांची खुर्ची, आणि पलंगावर माणसाएवढा रबरी बाहुला. त्याला आम्ही मामंजी म्हणायचो, कारण तो दिवसभर आढ्याकडे बघत पडून राहायचा आणि त्याचं सगळं सुनांनी करायचं. शिकवायला दोघं होते. एक निवृत्त झालेल्या नर्सबाई, आवाज असा की मामंजीसुद्धा दचकावा. आणि दुसरे इंग्रजीचे सर, शेलाटे, नेहमी सर्दी झालेले. दोघं एकाच वेळी शिकवायचे. त्या वर्गाची रीतच तशी होती. हात हलायच्या आधी तोंड हललं पाहिजे, असा नर्सबाईंचा नियम.

"न सांगता अंगाला हात लावलात तर म्हातारं माणूस घाबरतं," त्या म्हणायच्या. "आणि घाबरलेलं माणूस जड होतं. आधी सांगा, मग करा. प्रत्येक वेळी."

मग सर एकेक वाक्य फळ्यावर इंग्रजीत लिहायचे. आता मी तुमच्या खांद्याला हात लावते. आता मी कमरेला पट्टा बांधते. आता मी खुर्चीचे ब्रेक लावते. आता आपण तीनपर्यंत मोजू आणि उभं राहू. वाक्य म्हणायचं, ते काम करायचं, पुढचं वाक्य म्हणायचं. काम करता करता भाषा यावी आणि भाषेबरोबर काम पक्कं व्हावं, असा सगळा हिशेब. चांगलाच होता. वाट लावली ती आम्ही.

सराव जोडीनं करायचा असे. पलंगाच्या या बाजूला एक, त्या बाजूला एक. पहिल्याच दिवशी ताईच्या तोंडून शब्द फुटेना. कपाळाला घाम, ओठ कोरडे. मी हळूच तिचं वाक्य म्हणून टाकलं. तिनं तोवर मामंजीला असं अलगद उठवून बसवलं की नर्सबाई "वा!" म्हणाल्या. झालं, तिथून आमची जोडगोळी जमली. मी बोलायचं, तिनं करायचं. मी म्हणणार "आता मी ब्रेक लावते," आणि खाली वाकून खटकन ब्रेक लावणार ती. मी म्हणणार "आता मी पट्टा बांधते," आणि पट्टा बांधणार ती. वर्गात गर्दी एवढी की दोघींपैकी कुणाचा हात आणि कुणाचं तोंड हे बघायला कुणाला सवड नव्हती. "जागा बदला," असं नर्सबाई ओरडल्या की आम्ही पलंगाच्या बाजू तेवढ्या बदलायचो.

ताईनं दोनदा मला टोकलं होतं, हेही सांगायला हवं. "अगं, एकदा तू उचलून बघ. आणि मला एक वाक्य म्हणू दे."

"त्यात काय शिकायचंय?" मी म्हटलं. "रोज बघतेच की. आणि तुम्ही वाक्य म्हणायला लागलात तर परीक्षेचा दिवस उजाडेल."

ती हसली. परीक्षाही जोडीनंच झाली. दोघींना पहिला वर्ग मिळाला. घरी पेढे वाटायचेच बाकी राहिले होते.

चाचणीचे पहिले दोन दिवस सुखात गेले. वृद्धाश्रमाच्या मेट्रनबाई म्हणजे करारी बाई, पांढरे केस आखूड कापलेले, चालताना कमरेच्या किल्ल्या वाजायच्या. त्यांनी आम्हाला एकत्रच काम दिलं. मी येता-जाता सगळ्यांशी गोड बोलायचे, ताई राबायची. मेट्रन माझ्यावर खूश. "तुझं इंग्रजी फार छान आहे," म्हणाल्या. मी घरी येऊन ते चारचौघांत तीनदा सांगितलं.

तिसऱ्या दिवशी त्यांची दोन माणसं आली नाहीत. मेट्रननी आमच्याकडे बघितलं आणि ताईला चादरींच्या खोलीत घड्या घालायला पाठवलं. "ही बोलत नाही, हिला माणसांजवळ कशाला ठेवायचं," असं मलाच म्हणाल्या. मला वाईट वाटायला हवं होतं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

मग मला घेऊन त्या कोपऱ्यातल्या खोलीत गेल्या. तिथल्या आजींना झटका येऊन गेला होता. उजवं अंग लुळं आणि वाचा गेलेली. पण डोळे असे टवटवीत की काय चाललंय ते सगळं त्यांना कळतंय हे बघताक्षणी समजावं. त्यांना पलंगावरून खुर्चीत बसवायचं होतं.

"हे तू केलंयस ना?" मेट्रननी विचारलं.

"हो, पुष्कळदा," मी म्हटलं. तेवढ्यात बाहेर फोन वाजला आणि त्या गेल्या.

आता नीट ऐका, कारण हे माझं मलाच अजून कळत नाहीये. मी आजींकडे बघून हसले. खांद्याला हात लावते असं सांगितलं आणि लावला. कमरेला पट्टा बांधते म्हटलं आणि बांधला, जरा सैलच. त्यांना कडेला सरकवून बसवलं. धापा टाकत होते मी, पण जमत होतं. मग खुर्ची जवळ ओढली आणि स्वच्छ, ठसठशीत इंग्रजीत म्हटलं, "आता मी ब्रेक लावते."

म्हटलं, आणि पुढच्या वाक्यावर गेले.

मी वाकले नाही हो. खाली बघितलंसुद्धा नाही. तीन महिने मी ते वाक्य म्हटलं की ब्रेक लागायचे. माझ्या डोक्यात ते वाक्य म्हणजेच ब्रेक होता. म्हटलं म्हणजे झालं! असं कुणाचं होतं का? गाढवाचं तरी होईल का?

"एक, दोन, तीन," मी मोजलं आणि आजींना उभं केलं. त्यांनी विश्वासानं माझ्यावर भार टाकला. मी त्यांना वळवलं, खाली टेकवायला गेले, त्यांचं अंग खुर्चीच्या कडेला लागलं आणि खुर्ची मागे पळाली. आजी हवेत. पट्टा माझ्या मुठीत, पण सैल पट्टा धरून काय होतंय? हात असे गळाले की माझे नव्हतेच जणू.

दारातून "ब्रेक!" अशी किंकाळी आली. ताई होती. चादरींचा गठ्ठा पोचवायला म्हणून ती नेमकी तिथून जात होती. गठ्ठा फेकून ती धावली, गुडघ्यावर घसरत आली आणि आजींच्या खाली तिनं स्वतःला झोकून दिलं. हाड मोडल्याचा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. वाळकी काटकी मोडावी तसा, कडाक्.

आजी ताईच्या मांडीवर बसलेल्या, केसही विस्कटला नव्हता. ताईचा उजवा हात त्यांच्याखाली दबलेला, मनगट भलतीकडेच वळलेलं. तिनं "आई गं" एवढंही म्हटलं नाही. डाव्या हातानं ती आजींची पाठ थोपटत होती.

किल्ल्या वाजल्या. मेट्रन दारात उभ्या. खोलीभर चादरी, जमिनीवर दोघी, भिंतीशी जाऊन टेकलेली खुर्ची आणि मध्ये मी, हातात पट्टा.

"काय झालं?" त्यांनी विचारलं. अर्थात मला विचारलं. त्या खोलीत बोलणारी मी एकटीच होते ना.

तुम्हाला वाटेल मी विचार केला असेल, मनाशी काही ठरवलं असेल. नाही. माझं तोंड उघडलं आणि त्यातून वाक्यं बाहेर पडली. मी आजींना बसवत होते, ही धावत आत आली, हिचा धक्का खुर्चीला लागला आणि खुर्ची सरकली. सगळं बिनचूक. आधी काय, मग काय, भूतकाळसुद्धा कुठे चुकला नाही. सरांनी दहापैकी दहा दिले असते. मी ते ऐकत होते आणि मला वाटत होतं, ही कोण बया बोलतेय? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच, आणि त्या माझ्या घशातून येत होत्या.

मेट्रननी ताईकडे बघितलं. आजींना उचलून पलंगावर ठेवायला माणसं आली होती, ताई भिंतीला पाठ लावून बसली होती, चेहरा चुन्यासारखा पांढरा. मेट्रन मला म्हणाल्या, "तिला विचार, हे खरं आहे का."

मी तिच्याकडे वळले. आमच्या भाषेत काय विचारणार होते, देव जाणे. पण विचारायची वेळच आली नाही. ती माझ्याकडे बघत होती आणि तिला सगळं समजलं होतं. तीन महिने ती नुसती उचलत नव्हती, ऐकतही होती. माझं एकेक वाक्य तिला कळत होतं. हे मला त्या क्षणापर्यंत माहीतच नव्हतं. मला वाटायचं तिला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नाही.

तिनं नजर माझ्यावरून काढून मेट्रनवर नेली. "यस," ती म्हणाली. "आय पुश."

तीन महिन्यांत तिच्या तोंडून आलेलं पहिलं इंग्रजी वाक्य. तेही खोटं, आणि तेही माझ्यासाठी. मेट्रननी मान हलवली, वहीत काहीतरी लिहिलं आणि मला म्हणाल्या, "तू सोमवारपासून ये. हिचं काम संपलं."

तिथल्या डॉक्टरांनी ताईच्या हाताला फळी बांधली. प्लास्टरसाठी दवाखान्यात न्यायला गाडी सांगितली होती, तोवर आम्ही मेट्रनच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसलो. मला रडू आवरेना. ताई मात्र कामाचं बोलत होती.

"ऐकतेयस ना? आजींचं डावं अंग धड आहे. खुर्ची नेहमी डावीकडे ठेवायची. आधी ब्रेक, हातानं हलवून बघायचं खुर्ची हलते का. पट्ट्यात दोन बोटं जातील एवढीच जागा ठेवायची. आणि त्यांचा लुळा गुडघा तुझ्या गुडघ्यानं अडवून धर, नाहीतर तो वाकतो."

"ताई, गप्प बसा हो!" मी म्हटलं. "असं का म्हणालात तुम्ही?"

"मग काय म्हणू? माझा हात सहा आठवडे तरी गेला. मला तसंही कुणी ठेवलं नसतं. घरात एक तरी पगार यायला नको? आणि त्या आजी सोमवारी तुझ्याच हातात येणार. तुला हे जमायला हवं."

मला स्वतःची अशी किळस आली की बसवेना. मी ताडकन उठले, दार ढकललं आणि मेट्रनच्या टेबलापुढे उभी राहिले. खरं सांगून टाकलं. ब्रेक मी लावले नव्हते. तिनं धक्का दिला नाही, तिनं आजींना वाचवलं. आणि वर्गातही सगळं तीच करायची, मी फक्त बोलायचे. या वेळी व्याकरणाचे बारा वाजले, पण सांगितलं. मेट्रननी यादी ओढली आणि माझ्या नावावर काट मारली. "बाहेर जा," एवढंच म्हणाल्या.

बाहेर आले तेव्हा मला काय वाटत होतं सांगू? हलकं वाटत होतं. जरा अभिमानसुद्धा, लाज नाही वाटत सांगायला. वाटलं, आता ताई मला जवळ घेईल, म्हणेल, शेवटी खरं बोललीस हो. मी तिच्याजवळ बसले आणि सगळं सांगितलं.

तिचा चेहरा असा बदलला की मी बाकावर मागे सरकले. पंधरा वर्षांत सासूबाईंनी बोल लावले, दिरांनी ताट भिरकावलं, तेव्हाही मी तो चेहरा पाहिला नव्हता.

"मला विचारलंस?" ती म्हणाली.

"अहो ताई, पण खरं ते..."

"आत जायच्या आधी मला विचारलंस? मी माझा हात मोडून, माझं नाव घालवून जे वाचवलं होतं, ते तू मला न विचारता देऊन आलीस. मघाशी माझ्या नावानं खोटं बोललीस, आता माझ्या नावानं खरं बोललीस. दोन्ही वेळा तूच. माझं तोंड तू, माझं तोंड तू, तीन महिने ऐकतेय मी. कुणी दिलं तुला माझं तोंड?"

मला एक अक्षर सुचलं नाही. मला, रेडिओला! तोंडचं पाणी पळालं म्हणतात ना, ते काय असतं ते मला त्या बाकावर कळलं.

ताई उठली. डाव्या हातानं फळी सावरली, केस कानामागे सारले. मी घाईघाईनं तिच्या मागे उठले. "थांबा, मी येते आत. त्या भराभर बोलतात, तुम्हाला..."

"तू बस," ती म्हणाली. ओरडली नाही. पण मी बसले.

तिनं दार वाजवलं, आत गेली आणि दार लावून घेतलं. मी कान लावून बसले, पण जाड लाकूड ते. आधी मेट्रनचा आवाज आला. मग ताईचा. तुटक, थांबत थांबत. एखादा शब्द, मग गप्प, मग दोन शब्द. मला सवय अशी की ती अडली की माझे ओठ आपोआप हलायचे. तेव्हाही हलत होते, आणि मला ठाऊकच नव्हतं कुठला शब्द तिला हवा होता. मेट्रननी काहीतरी विचारलं. ताई बोलली, चांगलं चार-पाच वाक्यं लांब.

दार उघडलं. ताईच्या हातात एक कागद होता. त्यावर कामावर यायची, सहा आठवड्यांनंतरची एक तारीख होती आणि तिचं एकटीचं नाव.

"काय बोललात आत?" मी विचारलं.

"माझं मी बोलले," ती म्हणाली, आणि गाडी आली का ते बघायला फाटकाकडे निघाली.